इंटरकूलर वर, समोर की पाण्यावर?

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल गाडीचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटखाली आहे. गर्दीत अर्धा तास रखडलं की पिकअप मेल्यासारखा होतो. तो बंपरमागे हलवावा का? पाइप लांबले की टर्बो लॅग (ॲक्सिलरेटर दाबल्यावर जोर मिळायला लागणारा उशीर) वाढतो, असं मेकॅनिक म्हणतो.

उत्तर : टर्बोचा कंप्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते; इंटरकूलर म्हणजे ती इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी. 30 अंश सेल्सिअसची हवा 1 बार बूस्टपर्यंत (बाहेरच्या दाबापेक्षा 1 बार जादा) दाबली की 70 टक्के कार्यक्षमतेच्या कंप्रेसरमधून ती सुमारे 125 अंशांवर बाहेर पडते. चांगला इंटरकूलर तिला 60च्या आसपास आणतो. तेवढ्याने हवेची घनता साधारण 20 टक्क्यांनी वाढते. पण हे सगळं जाळीतून बाहेरचा वारा खेळत असेल तरच. गाडी थांबली की बॉनेटवरच्या स्कूपमधून वारा येत नाही, खालून इंजिनाची आणि टर्बोची धग मात्र येत राहते. मग इंटरकूलर स्वतःच तापतो आणि आतली हवा थंड करायचं विसरतो. हवा तापली की नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारा ठोका) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो. मेलेला पिकअप तो हाच.

हलवण्याआधी मोजा. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतल्या, हवेचं तापमान पाहा. एअरफ्लो सेन्सरजवळचा आकडा टर्बोच्या आधीचा असतो, तो इथे कामाचा नाही. 80च्या स्थिर वेगाला मॅनिफोल्डचा आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा 10-15 अंशच जास्त असेल आणि फक्त गर्दीत चढत असेल, तर इंटरकूलर लहान नाही, त्याला वारा मिळत नाही. आधी स्कूप आणि इंटरकूलर यांमधली रबरी पट्टी नीट बसते का बघा, टर्बोवर हीट शील्ड आहे का बघा. निम्मा त्रास तिथेच मिटू शकतो.

पळत्या गाडीतही पूर्ण थ्रॉटलला आकडा झरझर चढत असेल, तर बंपरमागे न्या. लॅगची भीती मात्र जरा फुगवलेली असते. 63 मिमी आतल्या व्यासाचा 3 मीटर जादा पाइप म्हणजे सव्वानऊ लिटर जागा. दोन लिटरचं इंजिन 3000 आरपीएमला सेकंदाला 50 लिटरच्या आसपास हवा ओढतं. एवढा पाइप भरायला सेकंदाचा छोटासा अंश लागतो. खरं नुकसान होतं ते अरुंद वळणांनी आणि दाट कोअरने (इंटरकूलरच्या जाळीने). इंटरकूलरच्या आधी आणि नंतर दाब मोजा. पूर्ण बूस्टला फरक 0.1 बारच्या आत हवा.

कोअर जाड घेण्यापेक्षा रुंद घ्या. जाड कोअरच्या मागच्या थरापर्यंत पोचेतो वारा तापलेलाच असतो, वर मागच्या रेडिएटरचा श्वास कोंडतो. बंपर आणि कोअर यांमधल्या फटी फोमने बुजवा, नाहीतर वारा जाळीला बगल देऊन निघून जातो.

प्रश्न : डिझेल गाडी. इंटरकूलर समोर. ओझं पडलं की फुस्स आवाज, काळा धूर, आणि ओढ नाही. पाइपात थोडं तेलही दिसलं.

उत्तर : होज फाटलाय किंवा क्लिप सरकलीय. मोजलेली हवा वाटेत निसटते, डिझेल मात्र तितकंच पडतं, म्हणून काळा धूर. इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाला टोपण बसवा, रेग्युलेटरने 0.5 ते 1 बार हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा; बुडबुडे जागा दाखवतील. नवा होज बसवताना टोकं तेलरहित पुसा. तेलकट टोकावर क्लिप कितीही आवळली तरी होज घसरतो. पाइपाला टोकाशी उंचवटा नसेल तर तो करून घ्या.

तेलाचा पातळ थर चालतो. पाइप उलटा केल्यावर तेल ओतलं जात असेल तर ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबलाय किंवा टर्बोचं सील गेलंय. डिझेलात हे टाळू नका, कारण साचलेलं तेल इंजिनात ओढलं गेलं की किल्ली काढली तरी इंजिन बंद होत नाही. इंटरकूलर आतून डीग्रीझरने धुवून पूर्ण वाळवा. बाहेरून धुताना प्रेशर वॉशर लांबच ठेवा, पंख वाकतात.

प्रश्न : पाण्यावर चालणारा इंटरकूलर जास्त चांगला का?

उत्तर : छोट्या धावेत हो. पाणी उष्णता शोषून घेतं, पाइप आखूड राहतात. फोक्सवॅगनच्या 1.0 टीएसआय इंजिनात तो थेट इन्टेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. पण ती उष्णता शेवटी पुढच्या छोट्या रेडिएटरलाच बाहेर टाकावी लागते. सतत जोरात पळवली तर हवेवरचा मोठा कोअर बरोबरीला येतो. देखभालीत एवढं लक्षात ठेवा : कूलंट बदलल्यावर या स्वतंत्र सर्किटमधली हवा काढा, आणि त्याचा विजेवर चालणारा पंप फिरतोय का ते हात लावून बघा. तो बंद पडला तर इंजिनाच्या तापमानाचा काटा हलतही नाही, फक्त गाडी मंद होते.