क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममध्ये सैन्य लगेच तयार व्हायला लागल्यापासून क्लॅनमध्ये (खेळाडूंच्या गटात) कुणी बोलत नाही. क्लॅन सोडावा का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "पोरांना आता क्लॅनची किंमत राहिली नाही." या एका वाक्यासाठी उत्तर लिहितोय. सांगली, मिरज, कुपवाडच्या पोरांच्या आमच्या क्लॅनमध्ये हेच वाक्य वर्षभर ऐकलंय आणि ते साफ चूक आहे.

क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये मार्च २०२५ च्या अपडेटनं ट्रूप्स, म्हणजे सैनिक, तयार व्हायचा वेळच काढून टाकला. त्याआधी एक अटॅक मारला की थांबावं लागायचं, मोठ्या सैन्याला अर्धा तासही जायचा. माणूस गेम उघडा ठेवून त्या वेळात करणार काय? चॅट उघडायचा, क्लॅन कॅसलसाठी (इतरांनी दिलेले ट्रूप्स ठेवायची गढी) ट्रूप्स मागायचा, दुसऱ्याला द्यायचा, कुणाच्या तरी अटॅकचा रिप्ले बघून 'फनेल चुकलं तुझं' (सैन्याला गावाच्या मध्याकडं वळवणं चुकलं) म्हणून टाकायचा. गप्पा तिथून सुरू व्हायच्या. सैन्य तयार झालं की फोनवर नोटिफिकेशन यायचं, ते बघून माणूस दिवसातून पाच-सहा वेळा परत यायचा. थांबणं गेलं तसं ते बोलावणंही गेलं. आता माणूस येतो, सलग चार अटॅक मारतो आणि निघून जातो. तो पूर्वीपेक्षा जास्त खेळतोय, पण चॅटच्या वाटेवरून त्याचं जाणंच होत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं, तेव्हा आमच्या क्लॅन चॅटमध्ये दर तासाला कुणीतरी आकडा टाकायचं. बाहेरगावी शिकणारी पोरं तिथूनच घरच्या गल्लीत पाणी शिरलं का ते विचारायची. व्हॉट्सअ‍ॅप होतंच की. पण सैन्य तयार होतंय म्हणून सगळी इथं बसलेली असायची. माया कमी झाली म्हणणाऱ्यांनी हे आठवून बघावं.

आता डोनेशनचं, म्हणजे दुसऱ्याच्या कॅसलला ट्रूप्स देण्याचं. आमच्या एका को-लीडरचा २०१८ पासूनचा नियम होता, सीझनमध्ये (साधारण महिनाभरात) ५०० च्या खाली डोनेशन असेल तर क्लॅनमधून किक. तेव्हा तो नियम बरोबर होता, कारण देणाऱ्याचं काहीतरी जायचं. एक ड्रॅगन सैन्यातल्या २० जागा खातो, पेक्का हा मोठा ट्रूप २५. त्याला एलिक्सर (गेममधला पैसा) लागायचं आणि वेळही लागायचा. तो दुसऱ्याला देणं म्हणजे स्वतःचा अटॅक पुढं ढकलणं. २०२२ मध्ये ट्रूप्सचा खर्च गेला, त्याच वर्षी क्लॅन कॅपिटल (अख्ख्या क्लॅनचं एक गाव) आलं आणि तिथल्या हल्ल्यांतून मिळणारी रेड मेडल देऊन स्वतःचा कॅसल स्वतः भरता यायला लागला. २०२५ मध्ये वेळही गेला. आता डोनेशनचा आकडा फक्त एवढंच सांगतो की कुणाच्या हातात फोन जास्त वेळ असतो.

तरी नियम तसाच राहिला. गेल्या पावसाळ्यात कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट करणारा एक पोरगा सीझन संपताना ५०० डोनेशनच्या खाली होता. त्या महिन्यात तो सहा वॉर (क्लॅनविरुद्ध क्लॅन लढाया) खेळला होता, एकही अटॅक सोडला नव्हता. आमच्या वरच्या पाच बेसपैकी (बेस म्हणजे खेळाडूचं गाव) एका बेसचा डिफेन्सिव्ह कॅसल, म्हणजे वॉरमध्ये बचाव करणारा, दर वॉरला तोच भरायचा. हा कॅसल भरतात वॉर मॅपवरून, त्या बेसवर टॅप करून. चॅटमधल्या विनंतीवर दिलेले ट्रूप्स वॉरच्या डिफेन्सिव्ह कॅसलमध्ये जात नाहीत. ही गोष्ट अर्ध्या क्लॅनला ठाऊक नव्हती आणि त्याला ती नीट ठाऊक होती. रात्री साडेअकराला त्याला किक बसली. तिसऱ्या दिवशी तो मिरजेच्या दुसऱ्या क्लॅनमध्ये दिसला. त्याच्यामागं त्याच्या शिफ्टमधले आणखी तिघे गेले आणि आमच्या पुढच्या वॉरमध्ये आठ अटॅक कमी पडले. को-लीडरचं म्हणणं आजही तेच, शिस्त म्हणजे शिस्त. माझं म्हणणं, हिशेब ठेवायचाच तर वॉर लॉगचा ठेवा. वॉरमध्ये प्रत्येकाला मिळणारे दोन्ही अटॅक वापरले का आणि नेमून दिलेल्या बेसवर मारले का, एवढंच बघा.

चॅट परत जिवंत करायचं असेल तर लोकांना एका वेळेला एकत्र आणा. वॉरला २३ तास तयारी आणि २४ तास लढाई असते. रात्री ११ ला वॉर लावलं तर लढाई दुसऱ्या रात्री १० ला सुरू होते आणि तिसऱ्या रात्री १० ला संपते. म्हणजे शेवटचा तास जेवणानंतरचा येतो, सगळे घरी असतात, अटॅक लाइव्ह बघतात, चॅट पळायला लागतं. दुपारी १२ ला लावलं की लढाई सकाळी ११ ला संपते. तेव्हा कुणी मशीनवर असतो, कुणी दुकानात. शेवटचे चार-पाच अटॅक तसेच राहतात आणि संध्याकाळी भांडण ठरलेलं. क्लॅन वॉर लीगमध्ये (महिन्यातून एकदा, सात दिवस रोज एक वॉर) तर ही चूक सात दिवस पुरते, कारण पहिल्या दिवशी जी वेळ लागली तीच शेवटपर्यंत राहते.

वॉर नसेल त्या दिवशी फ्रेंडली चॅलेंज टाका. त्यात ट्रॉफी जात नाही, आणि आपल्याच बेसवर चौघांनी मारलं की बोलायला विषय मिळतोच. शेजारच्या गावातला एखादा क्लॅन ओळखीचा असेल तर ५ विरुद्ध ५ फ्रेंडली वॉर लावा. वेळा आपण ठरवायच्या, लूट मिळत नाही, पण इस्लामपूर विरुद्ध विटा असलं की लूट कुणाला हवी असते? आणि ट्रूप्स मागताना नुसतं बटण दाबू नका, 'लावालूनसाठी (लाव्हा हाउंड आणि बलूनचं सैन्य) बलून द्या' असं काहीतरी लिहा. लिहिलेल्याला उत्तर येतं.

नोटिफिकेशन येत नाहीत ही तक्रार निम्म्या वेळा फोनची असते. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या बॅटरीचं बंधन काढा, मग गेममधल्या सेटिंगमध्येही चालू आहे का बघा. क्लॅन मेल (सगळ्या क्लॅनला जाणारा निरोप) लीडर आणि को-लीडरच पाठवू शकतात, तो वॉर लावायच्या आधी तासभर जाऊ द्या.

तुमच्या क्लॅनमध्ये कोण किती वयाचं आहे ते मला माहीत नाही. दहावी-बारावीची पोरं जास्त असतील तर जानेवारी ते मार्च चॅट शांत असणारच, त्यावरून काही ठरवू नका. आणि लीडर महिनाभर आला नसेल आणि को-लीडरही कुणी येत नसेल तर यातलं फारसं चालणार नाही, वॉर लावायला दोघांपैकी एक तरी लागतो. तसं असेल तर निघा. फक्त वॉर संपू द्या, नाहीतर तुमचा बेस मॅपवर राहतो आणि अटॅक मारायला कुणी नसतं. आणि महिन्याच्या सुरुवातीला, लीगमध्ये नाव लागल्यावर निघू नका. त्या महिन्याची लीग मग दुसऱ्या क्लॅनकडून खेळता येत नाही.