पापडखार झुडपापासून होतो का?

प्रश्न : ताई, पापडखार दरवर्षी सियागंजातूनच आणतो, पण यंदा उडदाचे पापड लालसर पडले, तळले की अजूनच लाल. सासूबाई म्हणतात हा पांढरा खार खराच नाही, त्यांच्या माहेरी करडा दगड यायचा, साजी म्हणायचे, तो म्हणे वाळवंटातलं झुडूप जाळून करतात. झुडपातून खार कसा निघेल हो?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : निघतो ना! सासूबाईंना पूर्ण मार्क. थारकडे खाऱ्या जमिनीत लाणा, साजी अशा नावांची बुटकी झुडपं उगवतात, पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या रसाळ कांड्या, उंट खातात. जमिनीतलं सोडियम ती शोषून घेतात आणि जाळलं की त्याचं कार्बोनेट उरतं. पावसाळा सरला की झुडपं कापायची, वाळवायची, खड्ड्यात पेटवायची, आणि गंमत म्हणजे नुसती भुरभुरीत राख होत नाही, खार वितळून तळाशी साचतो अन् थंड झाला की त्याचा दगड. धोबी त्यानेच कपडे धुवायचे, आणि बिकानेरचे पापडवाले तोच मूग-मोठाच्या पिठात घालायचे (मोठ म्हणजे आपली मटकी).

आता दुकानात मिळतो तो पांढरा बहुतेक कारखान्यातला, पण काम तेच करतो, तेव्हा खराच नाही म्हणणं जरा जास्तच झालं (हे सासूबाईंना माझं नाव घेऊन सांगू नका). तुमचं गणित बहुतेक प्रमाणात चुकलंय. खार जास्त झाला की पापड लाल पडतो. किलोभर पिठाला 30-35 ग्रॅम, तेही वजन करून, चमच्याच्या अंदाजाने घातला की हमखास फसतं. मीठ आणि खार पाण्यात उकळायचं, गार होऊ द्यायचं, वरच्या निवळ पाण्यानेच पीठ भिजवायचं, तळचा गाळ टाकून द्यायचा. दगडी साजी मिळालीच कुठे तर हे मस्टच, त्यात माती-रेती असते. मग तेलाचा हात लावून पीठ दणकून कुटा, इथे आळस नको.

खायचा सोडा चालेल का असं पुढचं पत्र येणारच, म्हणून आत्ताच सांगते, तो सौम्य असतो, पापड तसा फुलत नाही. आणि कपडे धुवायचा सोडा तर अजिबात नको.

यंदाचे पापड कडवट लागत नसतील तर टाकू नका, भाजून चुरा करा, कांदा, तिखट, कच्चं तेल, आणि बाजूला मुगाची खिचडी. चुऱ्याचा रंग कोण बघतंय?