मध्येच विझलेला ठिपका

प्रश्न : परवा संध्याकाळी साडेसातला गच्चीवरून एक ठळक ठिपका नैऋत्येकडून वर चढताना दिसला. लुकलुक नाही, आवाज नाही. डोक्यावरून थोडा पुढे गेला आणि क्षितिज गाठायच्या आतच विझला. विमान होतं का?
– एक वाचक, वाई

उत्तर : विमानाचे दिवे लुकलुकतात. तुम्ही पाहिलंत ते बहुधा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवरून, तासाला जवळजवळ २८,००० किलोमीटर वेगानं ते जातं. त्याला स्वतःचा दिवा नाही. लांबच्या पत्र्यावर ऊन चमकावं तशी त्याची सौर पॅनेल चमकतात. आपल्याकडे सूर्य बुडाला तरी तिथं वर ऊन असतंच. पूर्वेकडे सरकताना ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं, की विझलं. पहाटे उलटं होतं, आभाळाच्या मध्यातच अचानक पेटतं.

पुढच्या वेळी शेवटचे काही सेकंद दुर्बिणीतून बघा. मी कोपर कठड्यावर टेकवून बघते, नाहीतर हात थरथरतो. पांढरा ठिपका आधी पिवळट, मग तांबूस होतो. ते वरच्यांचं सूर्यास्ताचं ऊन, आपल्याच हवेतून गाळून आलेलं. मला तर सगळ्या फेरीपेक्षा हेच आवडतं.

वेळा नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ अ‍ॅपवर मिळतात. पावसाळ्यात मात्र नाद सोडा. २०२५ च्या जून-जुलैत आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला वर स्थानकात होते आणि इकडे ऐन आषाढ! मी तीनदा छत्री घेऊन गच्चीवर गेले, तिन्ही वेळा भिजून खाली आले.