वाचक विचारतात : लेसरचा स्पंद गेल्यावर रेणू एका दिशेत कसे येतात?

प्रश्न : लेसरचा स्पंद १०० फेम्टोसेकंदांत संपतो. मग नायट्रोजनचे रेणू ८ पिकोसेकंदांनी (१ पिकोसेकंद म्हणजे १,००० फेम्टोसेकंद) पुन्हा एका दिशेत येतात ते कसे? निर्वात कक्ष नसताना हे मोजता येईल का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : येईल, आणि सुरुवात साध्या हवेतच करा.

नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन रेणूच्या अक्षाच्या दिशेने जास्त सहज सरकतात, म्हणून अक्ष लेसरच्या ध्रुवीकरणाकडे (त्याचे विद्युतक्षेत्र ज्या दिशेत कंप पावते तिकडे) ओढला जातो. स्पंद इतका छोटा की तेवढ्यात रेणू वळत नाही, त्याला फक्त झटका बसतो. फिरण्याची ऊर्जा ठरावीक पायऱ्यांचीच असल्याने विखुरलेले रेणू ठरावीक काळाने पुन्हा जुळतात. हा काळ नायट्रोजनचा ८.४ पिकोसेकंद, ऑक्सिजनचा ११.६, कार्बन डायऑक्साइडचा ४२.७. हवेत पहिल्या दोघांचे ठसे एकाच आलेखात उमटतात.

८०० नॅनोमीटरचा पंप (रेणूंना झटका देणारा स्पंद) ५० मायक्रोमीटर त्रिज्येच्या ठिपक्यावर आणलात, तर ४० मायक्रोज्यूल पुरतात. तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० लाख कोटी वॅट होते. मिलिज्यूलभर ऊर्जा ओतायचा मोह टाळाच : दहापट तीव्रतेला आयनीभवन सुरू होते (रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात) आणि त्यातून झालेला प्लाझ्मा सगळा संकेत गिळतो.

प्रोब (मागून येऊन रेणूंची स्थिती तपासणारा दुसरा स्पंद) तरंगलांबी निम्मी करणाऱ्या बीबीओ स्फटिकातून ४०० नॅनोमीटरचा करून घ्या, म्हणजे पंपचा विखुरलेला प्रकाश निळ्या फिल्टरने अडतो. पंपचे ध्रुवीकरण प्रोबशी ४५ अंशांत ठेवा. प्रोबच्या वाटेवर हवेआधी एक पोलरायझर (एकाच ध्रुवीकरणाचा प्रकाश जाऊ देणारी पट्टी) आणि नंतर त्याच्याशी काटकोनात दुसरा. रेणू जुळले की हवा दुहेरी अपवर्तन दाखवते (दोन दिशांच्या ध्रुवीकरणांचा वेग वेगळा होतो) आणि प्रकाश निसटतो; तोच आपला संकेत. प्रोबचा ठिपका पंपपेक्षा लहान हवा, नाहीतर कमी झटका बसलेले रेणूही मोजमापात येतात.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पोलरायझर पूर्ण काटकोनात असताना संकेत दुहेरी अपवर्तनाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळतो आणि अधिक-उणे चिन्ह पुसले जाते, त्यामुळे रेणू ध्रुवीकरणाच्या दिशेत आले की त्याला आडवे झाले, हे कळतच नाही. चतुर्थांश-तरंग पट्टी (ध्रुवीकरण बदलणारी पट्टी) घालून थोडा प्रकाश मुद्दाम गळू द्या, मग चिन्हही दिसते.

डिले स्टेज (एका किरणाचा मार्ग लांबवणारी सरकती आरशांची पट्टी) १.२६ मिलिमीटर सरकली की प्रकाशाचा जाण्या-येण्याचा मार्ग त्याच्या दुप्पट वाढतो आणि ८.४ पिकोसेकंद होतात. शून्य वेळ (पंप आणि प्रोब एकाच क्षणी पोहोचतात ती जागा) आधी शोधा, तिथे इलेक्ट्रॉनांच्या तत्काळ प्रतिसादाचे टोक असते. ठाण्याच्या पावसाळ्यात एसी रात्री बंद ठेवू नका. तापमान बदलले की आरसे किंचित हलतात आणि दोन किरण एकमेकांवर पडत नाहीत. संकेत गायब झाला की पहिला संशय यावरच घ्या.

प्रश्न : रेणू एकाच दिशेने फिरवता येतो का?
– वाचक, ऐरोली

उत्तर : हो. रेणू सर्वाधिक जुळलेले असताना दुसरा स्पंद ४५ अंश तिरक्या ध्रुवीकरणाचा द्या. कोणत्या बाजूला तिरका, त्यावर फिरण्याची दिशा ठरते. ध्रुवीकरणच वाढत्या वेगाने फिरवले तर रेणूही ओढला जातो. कॅनडात २००० साली क्लोरीनचा रेणू असा फिरवून त्याचा बंध तोडला गेला. उलट, नायट्रोजनला ४.२ पिकोसेकंदांनी त्याच ध्रुवीकरणाचा तेवढ्याच ताकदीचा दुसरा स्पंद दिला, तर पहिल्याचा परिणाम जवळजवळ पुसला जातो.