आरसी बुकातला नंबर

ताई, नानांची 1965 ची फियाट डिलाइट आमच्याकडे आहे. नाना जाऊन चार वर्षं झाली. गाडी पडून राहू नये म्हणून दोन वर्षांपूर्वी मी खर्च करून तिच्यात मारुतीचं इंजिन बसवलं, गिअर स्टिअरिंगवरून खाली घेतला, पुढचा अखंड सीट काढून दोन वेगळे टाकले, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला, ब्रेकही बदलले. गाडी आता मस्त पळते. काढलेला सगळा माल पडवीत आहे. पुण्याचे एक गृहस्थ एकगठ्ठा 60,000 द्यायला तयार आहेत, रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणतात. बायको म्हणते देऊन टाका, पडवीत पाय ठेवायला जागा नाही. मित्र म्हणतात ठेव, उद्या सोन्याचा भाव येईल. माझं मन धजत नाही. याच गाडीतून नानांनी आम्हाला शाळेत सोडलं, अक्काची वरात याच गाडीतून निघाली. आरसी बुक अजून नानांच्याच नावावर आहे आणि त्यात इंजिनाचा नंबरही जुनाच आहे, ते एजंटला सांगून सावकाश करून घेईन. तर विकू की ठेवू?
— फियाटवाला, गावभाग, सांगली

भाऊ,

तुमचं पत्र छापताना मी बरंच कमी केलंय. मूळ पत्रात कार्बोरेटरवर पाऊण पान आहे, डायनॅमोवर अर्धं, आणि आरसी बुकावर एक ओळ. ती ओळ वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला. मला तिच्यावरच बोलायचंय.

चार वर्षं झाली, भाऊ. "सावकाश" म्हणजे किती सावकाश?

सरकारच्या कागदावर तुमची गाडी आज अशी आहे: सांगाडा दारात, इंजिन पडवीत आणि मालक हार घातलेल्या फोटोत. रस्त्यावर पळतंय ते इंजिन त्या कागदावर कुठेच नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते आणि आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. गाडीचा मालक वारला तर वारसानं 30 दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून नावावर करून घ्यायची. तुम्ही यातलं काहीच केलेलं नाही. उद्या स्टेशन रोडला कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनी आधी इंजिनाचा नंबर बघेल आणि मग मालकाचं नाव विचारेल. तेव्हा काय सांगणार आहात?

पण मी चष्मा काढला तो कायद्यासाठी नाही.

आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या मोटारीचं लाइटबिल सासरे गेल्यावर अकरा वर्षं त्यांच्याच नावानं येत होतं. नाव बदलायला दोन-तीन हेलपाटे पुरले असते, पण कुणी उठलं नाही. बिल आलं की सासूबाई ते माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "वाच गं, कुणाच्या नावाचं आहे." मी पूर्ण नाव वाचायची. मग त्या बिल घडी करून देवळीत ठेवायच्या. शेवटी नाव बदललं त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. म्हणून सांगते, तुमचा अर्ज का राहिला ते मला कळतं. त्या अर्जाला मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. आपल्या हातानं जोडावा लागतो.

पण त्याच अकरा वर्षांत आणखी एक गोष्ट झाली. मोटार येण्याआधीचं जुनं डिझेल इंजिन खोपटात पडलं होतं. धाकट्या दिरांनी ते एका दुपारी भंगारवाल्याला घातलं. वाईट हेतू नव्हता, जागा मोकळी केली एवढंच. मोठ्या दिरांना ते पोळ्याला गावी आल्यावर कळलं. ते इंजिन सासऱ्यांबरोबर बैलगाडीतून त्यांनी आणलं होतं, चौदाव्या वर्षी. दोघे भाऊ पुढची सहा वर्षं एका पंगतीला बसले नाहीत. भंगारात किती आले होते, तो आकडा सांगायची मला आजही लाज वाटते.

आता तुमच्या पत्रातली अक्का बघा. ती फक्त वरातीत आहे. नवरी होऊन गाडीत बसली आणि पत्रातून गेली. तिला काय वाटतं, आईला काय वाटतं, याचा एक शब्द नाही. बायकोचं मत आहे, मित्रांचं आहे, पुण्याच्या गृहस्थांचा भावसुद्धा आहे. नानांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं आई, अक्का आणि तुम्ही, तिघांचा सारखा वाटा. गाडीत आहे तसा पडवीतल्या मालातही आहे. गाडी नावावर करायला गेलात की आरटीओवाले इतर वारसांची ना हरकत मागतात. म्हणजे अक्काची सही लागणारच. तुम्ही इंजिन विकून मग सही मागायला जाणार का? अक्का सही करेलही, बहिणी करतात. मग दिवाळीला येईल आणि पडवीकडे बघणार नाही.

तुमचं चुकलंय, आणि तुम्ही आईवेडे, बापवेडे आहात म्हणून मी ते कमी करून सांगणार नाही.

मालाचं म्हणाल, तर तो सगळा एका मापाचा नाही. ब्रेकचे ड्रम, डायनॅमो या झिजणाऱ्या वस्तू. ही गाडी 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायला लागली, तिचीच पुढे पद्मिनी झाली आणि 2000 च्या सुमारास तीही निघायची बंद झाली. आजही हौसेनं त्या गाड्या चालवणारी माणसं सुट्या भागांसाठी गावोगाव फिरतात. त्यांच्या गाडीला लागत असेल तर आई-अक्काला विचारून खुशाल जाऊ दे. (त्या कारखान्याचे मूळ पुरुष वालचंद हिराचंद. विश्रामबागेतल्या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाव आहे तेच. कुर्ल्याची गाडी सांगलीला परकी नव्हती कधी.) पुढचा अखंड सीट? तो अक्काला विचारा. त्यावर कोण कोण दाटीवाटीनं बसायचं ते तिला तुमच्याहून जास्त आठवत असेल.

इंजिन मात्र विकायचं नाही. ते 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन कुणाला कितीही जुनाट वाटो, आरसी बुकातला नंबर त्याच्यावर ठोकलेला आहे. ते गेलं की उरेल ती नुसती फियाटच्या आकाराची गाडी. आणखी एक सांगते. 2021 च्या नियमांनी, पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. फी 20,000 आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. तुम्हाला ते हवं असेल-नसेल. पण इंजिन टेम्पोत चढलं तर तुमच्या पोरांना तो विचारसुद्धा करता येणार नाही. इंजिनासोबत स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडाही ठेवा. तो परत बसवणारा मिस्त्री सांगलीत आहे तोवर सगळं होऊ शकतं.

तुमच्या मंडळींचं पडवीबद्दलचं म्हणणं खरंच आहे. तिथं इंजिन ठेवायचंच नाही. गावभागात 2005 ला, 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठवर आलं हे तुम्हाला मी सांगायला नको. जूनच्या आत चार माणसं बोलवा आणि माडीवर चढवा. तोवर प्लग काढून भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडा, हातानं फिरवून घ्या, भोकं परत बंद करा. गंज आतून धरतो.

आता एवढं करा. पुण्याच्या गृहस्थांना आजच फोन लावा. इंजिन विकायचं नाही, बाकीचं घरच्यांशी बोलून कळवतो, रविवारी येऊ नका, इतकंच सांगा. भाव वाढवून देतो म्हणतील. फोन ठेवा.

रविवारी आईला घेऊन एसटीनं कराडला जा, अक्काकडे. फियाट नेऊ नका, तिचे कागद सरळ नाहीत. आरसी बुक आणि नानांचा दाखला पिशवीत घ्या. एजंटाच्या हातात यातलं काही द्यायचं नाही, अर्ज अक्काच्या ओट्यावर बसून तिघांनी भरायचा.

आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी आईला पडवीत खुर्ची द्या. रॉकेलच्या फडक्यानं इंजिनाच्या ब्लॉकवरचं काळं पुसा, नंबर दिसेपर्यंत पुसा. आरसी बुक आईच्या हातात द्या. ती एकेक आकडा वाचेल, तुम्ही ब्लॉकवर बोट ठेवून जुळवा. नाव आधी वाचू दे, मग नंबर. नाना घेण्याआधी कुणी इंजिन बदललं असेल तर जुळणार नाही कदाचित. नाही जुळला तरी कराडला जायचंच आहे.