टेक्ससचं बार्बेक्यू : गाइडबुक घेऊन निघताना

टेक्ससच्या बार्बेक्यू दुकानांचं गाइडबुक घेतलंत, उत्तम केलंत. आधी त्याची आवृत्ती कधीची आहे ते बघा. पिटमास्टर, म्हणजे मांस भाजणारा मुख्य आचारी, बदलला की चव बदलते, आणि पुस्तकाला ते कळत नाही.

मग एकच गाव निवडा. माझ्या मते सुरुवात लॉकहार्टपासून करावी. ते टेक्ससची राजधानी ऑस्टिनच्या दक्षिणेला, तासाभराच्या आत आहे. स्मिटीज, १९०० सालचं क्रॉइट्झ आणि १९३२ सालचं ब्लॅक्स, बार्बेक्यूची ही तिन्ही दुकानं एकाच गावात.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे:

- रात्रीच्या जेवणाला जातात. मांस आदल्या रात्रीपासून मंद आचेवर असतं, संपलं की दुकान बंद. अकराच्या सुमारास पोहोचा. टेक्ससमधल्याच लेक्झिंग्टन गावचं स्नोज हे दुकान तर फक्त शनिवारी सकाळी उघडतं, म्हणून निघण्याआधी फोन कराच.
- पहिल्याच ठिकाणी पोटभर खातात. मांस वजनावर मिळतं. दोघांत पाव पौंड ब्रिस्केट (बीफचा छातीचा भाग) मागा आणि पुढच्या दुकानासाठी भूक ठेवा.
- लगेच सॉस ओततात. पहिला घास नुसता खा. कड काळी, मिरीने खरखरीत हवी. काप बोटावर आडवा टाका: तो दोन्हीकडे लोंबला पाहिजे, पण तुटता कामा नये. हलकं ओढलं की मात्र सुटावा. हे जमलेलं दुकान पुस्तकात नसलं तरी बिनधास्त जा.

बीफ खात नसाल तर टर्की किंवा पोर्क रिब्ज घ्या. सॉसेजमध्ये मात्र बहुधा बीफ असतं, विचारूनच घ्या.

लाकडांचे प्रकार, कॅरोलायनाची बार्बेक्यू पद्धत की कॅन्सस सिटीची, हे सगळं सावकाश बघू. या शनिवारी लॉकहार्ट करून या.