‘मला येत नाही’ हे वर्गासमोर उघडे पडले तर?

बी.एड.च्या आंतरवासितेचे, म्हणजे शाळेत राहून करायच्या प्रत्यक्ष सरावाचे, महिने सुरू झाले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या छात्राध्यापकांच्या तोंडी एक काळजी हमखास असते. ‘संगणक, मोबाईल, प्रोजेक्टर हे सगळे मुलांना माझ्यापेक्षा चांगले कळते. वर्गात माझी फजिती झाली तर मुले मला शिक्षक मानतील का?’ अशी ती काळजी. या प्रश्नाचे उत्तर एका छात्राध्यापिकेच्या अनुभवातून द्यावे असे वाटते. तिची परवानगी घेतली आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि प्रत्यक्ष शाळेत घालवण्याचा काळ एकूण वीस आठवड्यांपर्यंत वाढला. पूर्वी ठरावीक सराव पाठ झाले की सुटका असे. आता विद्यार्थी शिक्षक महिनोन्‌महिने एकाच शाळेत, त्याच मुलांसमोर उभा राहतो. शिकण्याच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, परंतु एखादा पाठ फसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वर्गात जावे लागते. ही मुलगी आली ती अशाच एका फसलेल्या पाठानंतर, बाराव्या दिवशी. मधल्या काळात तिने दोन पाठ आजारपणाचे कारण देऊन टाळले होते. सकाळी एसटीत बसले की तिच्या पोटात कालवाकालव होई, आणि रात्री तीनपर्यंत लॅपटॉपवर त्याच पाठाच्या स्लाइड पुन्हा पुन्हा सुधारत बसण्याची तिला सवय लागली होती. बसल्याबरोबर तिने ‘मला तुम्ही म्हणू नका, मॅडम’ असे सांगितले आणि पिशवीतून चिंतन नोंदवही काढून माझ्यासमोर ठेवली.

प्रत्येक पाठानंतर आपण काय केले, काय साधले आणि काय राहिले हे या नोंदवहीत लिहायचे असते. बहुतेकांच्या वह्यांत ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला होता’ हे एकच वाक्य निरनिराळ्या वेशांत येते. हिच्या वहीत त्या दिवशीची नोंद साडेतीन पानांची होती आणि तिच्यात ‘हसले’ हे क्रियापद सात वेळा आले होते.

घडले ते असे. सातवीच्या वर्गाला चंद्राच्या कला शिकवायच्या होत्या. शाळेत एक डिजिटल वर्ग होता आणि महाविद्यालयाने तंत्रज्ञानाधारित पाठ सक्तीचा केला होता. तिने पस्तीस मिनिटांच्या तासिकेसाठी चौतीस स्लाइड केल्या. प्रत्यक्ष वर्गात लॅपटॉप जोडला तेव्हा पडद्यावर नुसता निळा रंग राहिला. सहा-सात मिनिटे ती वायर काढून लावत होती. अखेर तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘मॅडम, सोर्स बदला,’ आणि रिमोट घेऊन त्यानेच तो बदलला. वर्ग हसला, काहींनी टाळ्या वाजवल्या. उरलेल्या वेळात तिने स्लाइड अक्षरशः पळवल्या. मार्गदर्शक प्राध्यापकांनी पाठ टाचणाखाली, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याखाली, शेरा दिला : ‘फलकलेखन नगण्य. पाठ घेताना विद्यार्थ्यांकडे पाठ.’ हा शेरा मला काहीसा कोटीबाज वाटला, पण तिला तो निकालच वाटला होता.

पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. तिचे बोलणे पुरते संपण्याआधीच मी म्हणाले, ‘अगं, असे सर्वांचेच होते.’ ती ताबडतोब गप्प झाली. सांत्वन घाईने केले की समोरच्याला आपले दुःख क्षुल्लक ठरवल्यासारखे वाटते, हे मला इतक्या वर्षांनंतर ठाऊक असायला हवे होते. मी तिची माफी मागितली आणि झोप, भूक, स्वतःला इजा करण्याचे विचार यांविषयी सरळ प्रश्न विचारले. तसे विचार नव्हते. झोपेची तक्रार आणखी काही आठवडे टिकली असती तर मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते, आणि तसे तिला स्पष्ट सांगितलेही.

निघताना तिला एक काम दिले. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी काही विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, चारचौघांत घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवले. तो घालणाऱ्यांना वाटले की खोलीतील सुमारे निम्म्या लोकांनी ते चित्र टिपले असेल; प्रत्यक्षात ते सुमारे पाव लोकांनाच सांगता आले. मी तिला म्हणाले, ‘हा दुसऱ्यांचा प्रयोग झाला. तुझ्या पाठाला निरीक्षणासाठी जे सहाध्यायी मागे बसले होते, त्यांना एवढेच विचारून ये की त्या पाठातले काय आठवते.’

पुढच्या आठवड्यात ती चार जणांची उत्तरे लिहून आली. एकाला वाटत होते की वीज गेली होती. दोघींना चंद्राचे फिरते चलचित्र आठवत होते, मात्र ते समजले नव्हते. चौथ्याला रिमोटचा प्रसंग आठवत होता, पण तो म्हणाला, ‘तो पोरगा किती खूश झाला होता!’ हसणे तिच्यासाठी होते की त्या मुलाच्या ऐटीसाठी, हा प्रश्न तिने तोपर्यंत स्वतःला विचारलाच नव्हता.

मग आम्ही तासिकेची मिनिटे कागदावर मांडली. वायरची सात मिनिटे, हसण्याचे फार तर अर्धे मिनिट, आणि नंतर सुमारे पंचवीस मिनिटे ती पडद्याकडे तोंड करून स्लाइडवरचा मजकूर वाचत होती. तिची सगळी रात्रजागरणे त्या अर्ध्या मिनिटावर खर्च होत होती, आणि मुलांचे नुकसान पंचवीस मिनिटांचे झाले होते. हे मी तिला बोलून दाखवले नाही. कागद तिच्या समोरच होता.

त्यानंतर जे झाले ते मी योजलेले नव्हते. मी तिला विचारले, ‘त्या चलचित्रात नेमके न समजण्यासारखे काय होते? चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून कला दिसतात, एवढेच ना?’ ती माझ्याकडे पाहतच राहिली. ‘नाही मॅडम. सावली पडते ती ग्रहणात. कला सावलीमुळे दिसतच नाहीत.’ ही युक्ती नव्हती. मला खरोखरच चुकीचे ठाऊक होते. तिने माझ्या टेबलावरचा दिवा एका बाजूला सरकवला, दाबायचा मऊ चेंडू माझ्या हातात दिला आणि मला खुर्चीसकट गोल फिरायला लावले. चेंडूचा अर्धा भाग सतत उजळलेलाच राहतो. त्या उजळलेल्या भागाचा किती अंश मला दिसतो, एवढेच माझ्या फिरण्याने बदलत होते. दिव्याकडे पाठ झाली तेव्हा माझ्याच डोक्याची सावली चेंडूवर पडली. ती म्हणाली, ‘हात थोडा वर धरा. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.’

तिचा आवाज बदलला होता. समोर बसलेली मुलगी पहिल्यांदाच शिक्षिका दिसत होती, आणि तिच्या हातात त्या वेळी कोणतेही यंत्र नव्हते. तिचे चलचित्र का फसले हेही तिला तेव्हाच उलगडले. त्यात पृथ्वी आणि चंद्र अवकाशातून, वरून पाहिल्यासारखे दिसत होते, तर कला दिसतात त्या पृथ्वीवर उभे राहून. मुलांनी एकाच वेळी दोन्ही ठिकाणी उभे राहावे अशी तिची अपेक्षा होती.

मी तिला विचारले, ‘मला आत्ता कला कळत नव्हत्या हे तुला समजले. माझ्याविषयीचे तुझे मत खाली आले का?’ ती हसली. या प्रश्नावर आम्ही त्या दिवशी बराच वेळ थांबलो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत घटना, त्या घटनेविषयीची आपली धारणा आणि भावनिक परिणाम अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या जातात. परिणाम घटनेतून थेट उगवत नाही, मधल्या धारणेतून उगवतो. तिची धारणा शोधताना तिच्या तोंडून वाक्य आले : ‘गुरुजीला सगळे आलेच पाहिजे.’ गुरुजी हा शब्द सहज आलेला नव्हता. तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. गावात पत्र वाचायचे, अर्ज भरायचा, जमिनीचा उतारा समजून घ्यायचा तर लोक त्यांच्याकडे येत, आणि लहानपणी ओट्यावर बसून तिने हे रोज पाहिले होते. शिवाय सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यापासून ‘बघ, क्यूआर कोडवर केवढे मोठे बक्षीस’ हे वाक्य घरात वरचेवर येई. खरे तर पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या त्यांच्या कामात कोडच्या आधी एक साधे निरीक्षण होते : पुस्तके मुलांच्या मातृभाषेत नव्हती, म्हणून आधी भाषांतर झाले आणि मग कोड आले. पण घरात पोहोचले ते कोड आणि बक्षीस.

वडिलांना एकच प्रश्न विचारून बघ, असे मी सुचवले : नोकरीत कधी काही येत नव्हते का? तिने तो विचारला, तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले की त्यांच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला आणि त्यावर कापडी झाकण घातले. ते झाकण दोन वर्षे निघाले नाही, कारण हात लावला आणि बिघडला तर, अशी भीती त्यांना वाटत होती. अधिकारी येणार असले की धूळ तेवढी झटकत. ही गोष्ट त्यांनी तोपर्यंत कोणालाही सांगितली नव्हती. नोंदवहीत या दिवशी पाठ नव्हता, तरी तिने एक ओळ लिहिली होती : ‘झाकण माझ्याकडेही होते. माझे चौतीस स्लाइडचे होते.’

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. तिच्या भीतीचा एक भाग मनातला होता, तर दुसरा भाग निव्वळ सरावाच्या अभावाचा होता, आणि दुसऱ्या भागासाठी समुपदेशन लागत नाही. तिने त्या खोलीतील प्रोजेक्टर पाठापूर्वी एकदाही सुरू करून पाहिला नव्हता. रिकाम्या वर्गात अर्धा तास जाऊन वायर जोडणे, सोर्स बदलणे, शेवटच्या बाकावरून अक्षर दिसते का ते पाहणे आणि चित्रफिती आधीच उतरवून ठेवणे हे त्यावरचे औषध. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अॅपवर उघडायचा असला तरी वर्गात नेटवर्क मिळेलच असे नाही, हे तिला त्या अर्ध्या तासात कळले. प्रत्येक अडचण ‘न्यूनगंड’ म्हणून सोडवायला बसलो तर आम्ही समुपदेशक लोकांचा वेळ वाया घालवू.

पुन्हा पाठ घेण्याची परवानगी तिने स्वतः मागितली. या वेळी टाचणात पहिला प्रश्न होता : ‘संकष्टीला आई रात्री चंद्राची वाट का पाहत बसते? पौर्णिमेला तर चंद्र सूर्य मावळतानाच उगवतो.’ चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जातो, म्हणून वद्य चतुर्थीला तो उशिरा होतो, हे मुलांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील वेळा फळ्यावर लिहून स्वतःच काढले. मग मोबाईलचा टॉर्च आणि चेंडू घेऊन गट बसले. पडदा केवळ शेवटची पाच मिनिटे उजळला. स्टेलारियम या मोफत प्रणालीत आपल्याच गावाचे आकाश लावून आठ संध्याकाळी एका मिनिटात पुढे सरकवल्या, आणि मुलांनी आधी वर्तवलेला अंदाज ताडून पाहिला. हे काम चेंडूला जमण्यासारखे नव्हते. वायर जोडण्याची जबाबदारी तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाकडेच होती.

सगळे सुरळीत झाले असे नाही. खिडक्यांना पडदे नव्हते, त्यामुळे चित्र फिकट दिसले आणि मुले उठून पुढे, जमिनीवर येऊन बसली. त्यातच एका मुलीने विचारले, ‘मग कधी कधी सकाळी शाळेत येताना चंद्र कसा दिसतो?’ छात्राध्यापिकेला उत्तर नीट मांडता येईना. नोंदवहीत तिने लिहिले आहे : ‘छातीत धडधडले. मी म्हणाले, मला विचार करावा लागेल, उद्या सांगते. कोणी हसले नाही. मीही थांबून पाहिले, कोणी हसते का.’ दुसऱ्या दिवशी तिने चेंडूवरच दाखवले की पौर्णिमेनंतर चंद्र सूर्योदय होऊन गेल्यावर मावळतो आणि वद्य अष्टमीचा चंद्र तर जवळजवळ दुपारपर्यंत आकाशात असतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन मुलांनी येताना पश्चिमेकडचा चंद्र पाहून वहीत काढून आणला.

मार्गदर्शकांचा या वेळचा शेरा होता, ‘समारोप घाईत झाला.’ तिने तो मला वाचून दाखवला आणि म्हणाली, ‘खरे आहे, झालाच होता.’ त्या रात्री ती अकराला झोपली होती.

चौथ्या भेटीत प्रोजेक्टरचा विषय दोन मिनिटांत संपला. उरलेला सगळा वेळ ती शिक्षक पात्रता परीक्षेविषयी आणि भरती कधी निघेल याविषयी बोलत होती. या काळजीवर माझ्याकडे चेंडू आणि दिव्याइतके सोपे काही नव्हते, तसे मी तिला सांगितले, आणि आम्ही पुढच्या गुरुवारची वेळ ठरवली.